आंबेरखोलचे कोमट कुंड

आंबेरखोलच्या कुंडाचे माझ्या मनात लहानपणचे मोठे चित्र होते. वाफेचे ढग, दगडी पायऱ्या, देऊळ, घंटा. शिकायला लहान वयातच गाव सोडले, ती बालआहाराची पदवी घेऊन यंदा परतले. पाहते तर नदीकाठच्या काळ्या कातळात नुसते दोन खळगे. मोठ्यात पाणी उकळते. फडक्यात तांदूळ बांधून सोडले तर शिजून निघतात. त्याच्यापासून वीतभर अंतरावर धाकटा खळगा, परातीएवढा. पाणी त्याच झऱ्याचे, पण कोमट. बाळाला भरवायच्या पेजेइतके कोमट.

गावात मूल सहा महिन्यांचे झाले की उष्टावणाच्या सकाळी आईला इथे आणतात. तिने धाकट्या कुंडात हात घालायचा, पाणी कसे आहे ते सांगायचे आणि मगच बाळाला पहिला घास द्यायचा. मला ही शुद्ध अंधश्रद्धा वाटे. माझ्या भावाच्या मुलीचे, ओवीचे, उष्टावण तोंडावर आले होते आणि कुंडावर जायचे नाही, असे मी घरात बजावले होते. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून, वस्त्रगाळ सत्त्व मी स्वतः केले होते. स्मितलवहिनीला सगळे शिकवले होते. वहिनी सगळे ऐकायची, सगळे बरोबर करायची. बाळ रडले की उचलायची, निजले की ठेवायची. बाळंतपणानंतर ती हसली नव्हती, रडलीही नव्हती. थकली असेल, असे आम्ही म्हणायचो.

आदल्या संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून तिला घेऊन निघाले, ती कुंडापाशीच पोचलो. गंगाराम भुवड, ज्यांना सारा गाव तात्या म्हणतो, ते चिपळूणहून आलेल्या एका जोडप्याला कुंड दाखवत होते. त्यातल्या बाईंनी धाकट्या कुंडात हात घातला. "अगदी गिझरसारखं!"

"गिझराचं बिल येतंय," तात्या म्हणाले. "ह्याचं बिल एका बायनं कवाच भरलंय. बसा."

आम्हीही बसलो.

फार वर्षांपूर्वी, असे सांगतात, गावात पटकीची साथ आली. आवडा नावाच्या बाईचा नवरा आणि थोरला मुलगा एकापाठोपाठ गेले. मांडीवर तान्ही मुलगी उरली. आवडा रडली नाही. लोक म्हणत, धीराची बाई. ती पहाटे उठे, दळण दळी, पाणी आणी, अंगण झाडी. हातपाय घर चालवत होते. आवडा त्या घरात नव्हती म्हणे.

मुलगी सहा महिन्यांची झाली. आवडाचे दूध आटत चालले होते. तेव्हा दोन्ही कुंडे उकळती होती. तिने मडक्यात नाचणीची पेज घालून ती कुंडात शिजवली, बोट बुडवून पाहिले आणि घास मुलीच्या तोंडात दिला. पोरीची किंकाळी नदीपलीकडच्या वाडीत ऐकू गेली, असे सांगतात. जीभ पोळली होती. त्यानंतर आईचा हात जवळ आला की मुलगी ओठ मिटून मान फिरवी.

शेजारची धोंडी धावत आली. ती जिभेची तिखट. "डोळं फुटलं का गो तुजं? पोरीला कढत घालतेस?" मग तिची नजर आवडाच्या हाताकडे गेली. बोटांवर टचटचीत फोड आले होते.

"हे कवा झालं?"

"काय?" आवडाने विचारले.

धोंडी तशीच माघारी वळली. घरी जाऊन आपल्या चुलीवरचा भात घेऊन आली आणि लहान मुलाला भरवावा तसा तिने तो आवडाला भरवला. त्या दिवसापासून आवडाची चूल पेटू दिली नाही. रोज एका घरातून ताट येई. मुलीला धोंडी भरवी. तिच्या हातून ती हळूहळू खाऊ लागली.

आवडा कुंडाकाठी बसून राही. दुसऱ्या कुणाचे लेकरू पोळू नये म्हणून धाकट्या कुंडावर फुंकर घाली, हात बुडवी, पुन्हा फुंकर घाली. हाताला काही कळत नसे. किती दिवस हे चालले, कोणी मोजले नाही. एका पहाटे बाया पाण्याला आल्या तेव्हा तिने झटकन हात मागे घेतला. "पोळलं गो!" म्हणाली आणि नवऱ्याचे, मुलाचे नाव घेऊन रडू लागली. तेव्हा बायाही तिच्याभोवती बसल्या आणि तिच्याबरोबर फुंकर घालू लागल्या. पाणी निवले, ते पुन्हा कधी तापले नाही. त्याच दिवशी मुलीने आईच्या हातून घास घेतला म्हणे. तेव्हापासून उष्टावणाला आईने आधी ह्या पाण्यात हात घालून ते कसे आहे ते सांगायचे, अशी रीत पडली.

"पण तात्या," चिपळूणच्या बाई म्हणाल्या, "पाणी कोमट आहे हे ठाऊकच असतं की. आई नुसतं सांगून मोकळी होईल."

"सांगते की. बाया तिच्या तोंडाकडं बघत्यात."

"आणि तिला नाहीच कळलं तर?"

"तर बाळाला दुसरी कोन भरवते. पोर उपाशी ऱ्हात न्हाय. आनि त्या घरचा तवा दारापुढच्या ओट्यावर पालथा ठेवायचा. तवा दिसला की ताट पोचतंय." तात्यांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला. "पन लाज वाटते लोकांस्नी. तवा सहजी कोन बाहेर काढत न्हाय."

स्मितलवहिनीचा हात केव्हापासून तरी धाकट्या कुंडात होता. तात्यांनी तो पाहिला.

"कसं हाय पानी, सूनबाय?"

"सगळे म्हणतात ना, कोमट आहे," वहिनी म्हणाली. हात तसाच पाण्यात होता. बोटांची टोके सुरकुतली होती.

तात्यांनी खांद्यावरचा पंचा काढून माझ्याकडे दिला. मी तिचा हात बाहेर काढून पुसला. तिने पुसू दिला.

आजही धाकट्या कुंडाचे पाणी तसेच आहे. आजही उष्टावणाच्या सकाळी आंबेरखोलच्या बाया आधी आईकडे पाहतात, मग बाळाकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्त्वाची पेज तयार होती. वाटी-चमचा उकळून ठेवला होता. वहिनी सांगितलेली साडी नेसून सांगितलेल्या पाटावर बसली होती. मी तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून तिच्यासाठी दुपारची वेळ घेतली. मग स्वयंपाकघरात जाऊन तवा उचलला.

आई दारात आडवी आली. "अगं, आहार शिकून आलेली लेक घरात, आणि आपला तवा बाहेर? लोक काय म्हणतील?"

"ओवीला तू भरव, आई. पेज निवली आहे, मी बघितलं," मी म्हणाले, आणि तवा नेऊन ओट्यावर पालथा ठेवला.