हातासाठी ठेवलेलं भोक

वसईकडच्या आंबोळेपाड्यात जुन्या घरांच्या मागच्या भिंतीला, कमरेच्या उंचीवर, हात जाईल एवढं भोक असतं. पाहुणे विचारतात, "मांजरासाठी का?" पाड्यातले म्हातारे सांतानमामा म्हणतात, "मांजर जमिनीवरनं येतं. हे हातासाठी." मग ओट्यावर बसवून सांगतात.

फार वर्षांपूर्वी सेराफीन नावाची सून इथे नांदायला आली. तिला संत व्हायचं होतं, तेही जरा घाईने. चर्चमध्ये मिसेला अनवाणी जायची, आपल्या ताटातलं दारी आलेल्याला द्यायची. पण देण्याआधी नाव विचारायची, गाव विचारायची, म्हणजे संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर ते नाव घेता यायचं. मग भाकरी हातात धरून त्याच्याकडून प्रभूची प्रार्थना म्हणून घ्यायची. चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.

सासू म्हणायची, "पोरी, जेवू घालतेस का बाप्तिस्मा देतेस?"

हळूहळू भुकेली माणसं दुसऱ्या गल्लीने जाऊ लागली. ईस्टरआधीचा उपवासकाळ आला आणि सेराफीनच्या दारी कुणीच येईना. दान घ्यायलाच कुणी नाही, तर संत व्हायचं कसं? ती आतून खचली.

अशात एका दुपारी, चर्चची बाराची घंटा होत असताना, मागच्या कुडाची माती पडून झालेल्या भोकातून एक हात आत आला. पालथा. मग उताणा झाला. तिने नाव विचारलं, तर हात नुसता पुढे सरकला. तरी भाकरी ठेवली. हात गेला. तिने भोकातून पाहिलं, तर मागे नुसतं खाजण, ओला चिखल. त्यावर पाऊल म्हणून नव्हतं.

रोज बाराला हात येई. पण बिननावाचं दान रोझरीत सांगायचं कसं? गुड फ्रायडेला, सकाळपासून उपाशी असलेल्या सेराफीनने ते मनगट धरलं. "आधी नाव सांग."

हाताच्या बोटात तिची लग्नातली अंगठी होती. तळव्यावर तव्याच्या चटक्याचा तिच्याच हातावरचा डाग. तिने स्वतःचं बोट पाहिलं, तर ते रिकामं.

तेवढ्यात त्या हाताने उलटून तिचा हात पकडला आणि कोपरापर्यंत बाहेर ओढला. बाहेरून तिचाच आवाज आला, म्हणे. "आधी नाव सांग."

तिला नाव आठवेना.

"गाव?"

तेही आठवेना.

"मग प्रार्थना म्हण."

ती म्हणू लागली आणि 'आमची रोजची भाकर' या शब्दांपाशी अडकली. आवाज म्हणाला, "पुन्हा पहिल्यापासून." दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा ती रडत म्हणाली, "बाई गं, भूक लागलीय."

पकड सुटली. हात आत घेतला तेव्हा बोटात अंगठी होती आणि तळव्यावर ऊन भाकरी.

नवरा भोक लिंपायला निघाला तेव्हा ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिने ते बुजू दिलं नाही. पुढे शेजारणींनीही आपापल्या भिंतींना भोकं ठेवून घेतली. असं सांगतात, की जन्मभर तिला कुणी हाक मारली की ती क्षणभर थांबायची, हे नाव आपलंच ना, असं बघितल्यासारखी.

आजही आंबोळेपाड्यात लग्न करून आलेली नवरी उंबरा ओलांडण्याआधी घरामागे जाते आणि भोकातून आत हात घालते. आतून भाकरी मिळते. कोण, म्हणून कुणी विचारत नाही. कधीकधी नवरी अजून पुढच्या अंगणात बँडसमोर उभी असते, आणि मागे हात आलेला असतो. तेव्हाही भाकरी देतात.