तिळूचा छातीपट्टा

एकदा एक वयस्कर गूळव्यापारी एका वृद्ध कारागिराच्या दुकानात शिरले. शिरले म्हणण्यापेक्षा, त्यांच्या एवढ्याशा कुत्र्याने त्यांना आत ओढून आणले, असे म्हणणे सत्याला अधिक धरून होईल. दुकान घोड्यांच्या साजाचे होते. टांग्याच्या घोड्यांचे लगाम आणि छातीचे पट्टे बनवण्यात कारागिराची हयात गेली होती आणि सारी पेठ त्याला आबा म्हणत असे. त्या दिवशी आबा परगावी गेले होते. दुकानावर त्यांचा शिष्य होता. वय पंचविशीचे, हात कुशल, आणि आपला हात कुशल आहे याची त्याला गरजेपेक्षा थोडी अधिकच जाणीव.

शेटजींनी बाकावर बसून आधी श्वास घेतला, मग अडचण सांगितली. कुत्र्याचे नाव तिळू. आकाराने मांजरापेक्षा थोडा मोठा, पण रस्त्यावर आला की अशी ओढ घेई की गळ्यातल्या पट्ट्याने खोकून खोकून बेजार होई, तरी थांबत नसे. शेटजींच्या पत्नीने त्याला लहानाचा मोठा केला होता. ती गेल्यापासून घरात हे दोघेच. गेल्या वर्षी त्याच्या ओढीने शेटजी पडले आणि पाय मोडून तीन महिने अंथरुणाला खिळले. तेव्हा त्यांची मुलगी कुमुद हिने निक्षून सांगितले होते की, पुन्हा एकदा पडलात तर तिळूची रवानगी मामांच्या शेतावर होईल. येत्या रविवारी ती येणार होती.

"त्याचा गळा आवळू नये आणि मी पडू नये, असं काहीतरी करून द्या," शेटजी म्हणाले. "तो गेला तर घरात बोलायला कोणी उरत नाही हो."

शिष्याला विचार करण्याची गरजच वाटली नाही. जी विद्या सहा वर्षे गिरवली, तीच त्याने लहान मापाने वापरली. रुंद छातीपट्टा, त्याला आतून मऊ अस्तर, आणि पाठीवर चकचकीत पितळी कडी. तो साज चढवल्यावर तिळू असा उभा राहिला की मागे एक चिमुकला टांगा जोडायचाच काय तो बाकी होता. शिष्याने आपली कारागिरी दोन पावले मागे सरकून, मग चार पावले मागे सरकून न्याहाळली.

बुधवारी सकाळी शेटजी परत आले, ते लंगडत. धोतर चिखलाने माखलेले, गुडघ्यापाशी फाटलेले. नशिबाने हाडाला काही झाले नव्हते, खरचटण्यावर भागले होते. तिळूचा खोकला थांबला हे खरे, पण आता तो दुपटीने ओढत होता. पूर्वी गळा दुखला की क्षणभर तरी थबके, आता छाती लावून रेटत होता. शेटजींचा चेहरा उतरला होता. कुमुदला यातले काही कळू देऊ नका, अशी विनवणी त्यांनी केली आणि शनिवारपर्यंत तिळूला दुकानात ठेवून ते काठी टेकत निघून गेले. ज्या साजाचा शिष्याला इतका अभिमान होता, त्यानेच एका म्हाताऱ्या माणसाला जमिनीवर पाडले होते.

दुपारी आबा परतले. शिष्याने काही न लपवता सारे सांगितले. पण लगेच उपायही सुचवला. अवखळ घोड्याला जसा काटेरी लगाम घालतात, तसा आतून टोचणारा पट्टा करावा, म्हणजे ओढले की टोचेल आणि कुत्रा आपोआप सुधारेल. आबांनी ते ऐकून घेतले. चामड्याचा साज काढून त्यांनी खुंटीला टांगला. खाटेला विणतात त्या सुती नवारीचा मऊ तुकडा घेऊन स्वतः एक हलका छातीपट्टा शिवला. नवार आणि कातडी यांच्यामध्ये दोन बोटे सहज सरकतात ना, पुढचा पाय उचलताना काखेत काचत नाही ना, हे तपासले. कडी मात्र त्यांनी पाठीवर लावली नाही, पुढे छातीवर लावली.

इथवर सारे समजण्यासारखे होते. पुढे आबांनी जे केले, ते पाहून शिष्य चकित झाला. त्यांनी दोरीऐवजी फुलांचे हार ओवायच्या कच्च्या दोऱ्याचे रीळ काढले आणि चार हात दोरा त्या कडीला बांधून दुसरे टोक शिष्याच्या हातात दिले. मागच्या अंगणाला भिंत होती आणि दार लावलेले होते. तिथे तिळूला घेऊन एक फेरा मारायचा. दोरा तुटला तर नवा बांधायचा आणि पुन्हा पहिल्या पावलापासून निघायचे. इतके सांगून आबा आपल्या कामाला बसले.

ज्याने माणूस आडवा केला, त्या प्राण्याला कच्च्या दोऱ्याने आवरायचे! वयपरत्वे आबांची बुद्धी चळली की काय, अशी शंका शिष्याच्या मनात येऊन गेली. बुधवारी दोरा किती वेळा तुटला ते कोणी मोजले नाही, पण रीळ निम्मे संपले. प्रत्येक वेळी शिष्य तिळूवर खेकसला. तिळूने ते मनावर घेतले नाही.

गुरुवारी शिष्य खेकसून थकला, हे बरेच झाले. थकलेला माणूस पाहू लागतो. दोरा तुटण्यापूर्वी तो आधी सरळ होतो, हे त्याच्या ध्यानात आले. मग तो सरळ होऊ लागताच शिष्य जागच्या जागी उभा राहू लागला. माणूस थांबला का, म्हणून तिळू मान वळवून पाही, एक पाऊल मागे येई, आणि दोरा झोळीसारखा लोंबू लागे. तेव्हा शिष्य पाऊल टाकी. गुडघ्याशी आला की त्याला भाकरीचा तुकडा मिळे. शुक्रवारी संध्याकाळी अंगणाचा पूर्ण फेरा झाला आणि दोरा शाबूत राहिला. शिष्याला इतका आनंद झाला की तो तिळूशीच बोलत बसला.

आबांनी हातातली चामडे टोचायची आरी खाली ठेवली.

"घोड्याला साज घालतो, तो त्याने ओढावं म्हणून," ते म्हणाले. "पाठीमागून भार आला की जनावर छाती लावून पुढे रेटतं, ही आपली विद्या. तू तीच विद्या कुत्र्याला घातलीस आणि त्यानं ओढू नये अशी अपेक्षा ठेवलीस. कडी पुढे असली की ओढ घेताच त्याचं तोंड आपल्याकडे वळतं. म्हणून पट्टा निवडताना जनावराकडून काय हवं ते आधी ठरवायचं. पण पट्ट्यानं अर्धंच काम होतं. तिळू ओढायचा, कारण ओढलं की शेटजी मागोमाग जायचे. आणि शेटजी दोरी आवळून धरायचे, म्हणून तो आणखी ओढायचा. जाड दोरी हातात असती तर तूही खेचलं असतंस आणि तुला कळलंही नसतं. त्या दोऱ्यानं तिळूला काय अडवायचं? तो तुझ्या हातासाठी होता."

शिष्याने आपल्या तळहाताकडे पाहिले. तीन दिवस आपण कुत्र्याला शिकवत आहोत, अशी त्याची समजूत होती.

शनिवारी शेटजींनाही तोच धडा झाला. त्यांनी चार दोरे तोडले, पाचवा टिकवला, आणि मग आबांनी त्यांना खरी दोरी दिली.

रविवारी संध्याकाळी शेटजी आणि कुमुद तिळूला घेऊन पेठेतून निघाले. शिष्य दुकानाच्या पायरीवर उभा होता. नेमकी धान्याच्या दुकानापाशी एक शेळी उभी होती. तिळूने झेप घेतली, दोरी ताणली गेली. कुमुदचा हात बापाच्या दंडाकडे गेला. पण शेटजी पाय रोवून उभे राहिले, काहीही न करता. छातीवरच्या कडीने तिळूचे तोंड फिरले. त्याने शेळीकडे पाहिले, शेटजींकडे पाहिले, आणि तो त्यांच्या गुडघ्याशी येऊन उभा राहिला. दोरी सैल झाली. शिष्याचा जीव भांड्यात पडला.

गोष्ट इथे संपली असती, तर कोणाची काही तक्रार नव्हती. पण शेटजी दुकानासमोर थांबले आणि मुलीला म्हणाले, "बुधवारी मी पडलो होतो, कुमुद."

कुमुदचा चेहरा पांढरा पडला. "आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू तिळूला नेलं असतंस. मग हळूहळू मलाही नेलं असतंस तुझ्या घरी. म्हणून लपवलं. आता लपवायला नको वाटलं, म्हणून सांगतो."

कुमुद रागावेल, रडेल, निदान डॉक्टरांकडे तरी ओढून नेईल, असे शिष्याला वाटले. तिचा हात अजून बापाच्या दंडावर घट्ट होता. तिने त्या हाताकडे पाहिले. मग तिने दंड सोडला.

"पुढच्या वेळी पडलात तर आधी मला कळवायचं," ती म्हणाली. "मी काही नेणार नाही कोणाला. चला, तुमच्या चालीनं चला."

ती तिघे वळणापर्यंत संथपणे गेली. शिष्य आत येऊन कामाला बसला. त्या दिवसापासून अवखळ घोड्याचा साज शिवताना तो आधी घोड्याच्या मालकाला लगाम हातात धरून दाखवायला सांगू लागला.