चाळीस पायांची चिप

“मेलेल्या चिपा पोरांना शिकवायच्या तरी कशाला, सर?”

शलाकानं कागद पुढं सरकवला. ती पॉलिटेक्निकमधली नवी मॅडम, मुजावर सरांच्याच हाताखाली शिकलेली. जुन्या चिपा सिलॅबसमधून काढायच्या होत्या. त्यावर सरांची सही हवी होती.

सर चहा फुंकत बसले होते.

“दवाखान्यासाठीची घंटा वाजली का गं?”

शलाकाचा चेहरा उतरला. दिवस न भरलेली बाळं ठेवतात ती काचेची पेटी. ऊब फार वाढली की घंटा वाजावी, असं यंत्र तिनं नव्या चिपवर बांधलं होतं. उद्या ते पेटीला लावायचं होतं, एक बाळ आत निजलं होतं. आणि दोन दिवस झाले, घंटा मुकी.

“तारा तपासल्या, घंटाही बदलली. पण तो विषय वेगळा, सर.”

“असेल बाई.”

सरांनी डबीतून एक जुनी चिप काढली, तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटून दाबली.

“आई गं!”

“टोचली?”

“चाळीस पाय आहेत हिला. टोचणारच की!”

“तुझी नवी टोचते?”

“छे! मसुराच्या डाळीएवढी ती. सगळं पोटातच असतं तिच्या.”

“हं… हिला कामाला लावताना आधी काय सांगायचं?”

“हे पाय म्हणजे तिची दारं. कुठल्या दारानं ऐकायचं, कुठल्या दारानं बोलायचं. नाही सांगितलं, तर सगळी दारं नुसती ऐकत बसतात.”

“आणि नवीला?”

“तिला काय सांगायचं? ती आपली आपण…”

…

शलाका मिटल्या मुठीनंच उठून टेबलावरच्या यंत्रापाशी गेली. नव्या चिपच्या प्रोग्राममध्ये एकच ओळ घातली. बोल, एवढंच. दोन दिवस घंटेचं दार बिचारं ऐकत बसलं होतं.

सरांनी चहाचा गरम पेला ऊब मोजणाऱ्या सेन्सरला टेकवला.

घंटा खणखणली.

मसुराएवढ्या त्या ठिपक्याकडे शलाका बघतच राहिली. तान्ह्या लेकराच्या तोंडावर अचानक पणजीचं नाक दिसावं, तसं झालं तिला. मूठ उघडली, तर तळहातावर पायांच्या दोन रांगा उमटलेल्या.

वळून बघते तो सर सही करत होते.

“अहो सर, नको! राहू द्या त्या चिपा.”

सरांनी कागद तिच्या हातात दिला.

“काढ की खुशाल. जाऊन जाऊन जाणार कुठं?”