गुरगुरल्याची साखर

गुराढोरांवर उपचार करणाऱ्या एका वृद्ध वैद्यांच्या अंगणात एकदा गावकऱ्यांनी एक कुत्री आणून ठेवली. ठेवली असेच म्हटले पाहिजे, कारण ती चालत आली नाही. एका व्यापाऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचे आयुष्य गेले होते. उंची जातीच्या कुत्र्या पिंजऱ्यात कोंडायच्या, वेतामागून वेत घ्यायचे आणि पिलांचे डोळे उघडतात न उघडतात तोच ती शहरात विकायची, हा त्याचा धंदा. दुर्गंधी असह्य झाली तेव्हा गावाने शेड बंद पाडली. माणसांना दया येण्याआधी वास येतो, हे जुनेच आहे.

व्यापारी मात्र ढिम्म होता. सर्वांसमक्ष तो वैद्यांना म्हणाला, "ही माझी सगळ्यांत चांगली मादी. खाऊपिऊ घाला. दिवाळी झाली की येतो. माझ्यामागून आली तर माझी, नाही आली तर तुमची. पण येणारच ती, वैद्यबुवा. दोरी दिसली की मान खाली घालते. गरीब गाय आहे नुसती!"

"ठरलं," वैद्य म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या शिष्याला हा सौदा मुळीच पटला नाही.

कुत्री दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसे. भांडे वाजले तरी तिचे अंग थरथरे. हिला असा लळा लावायचा की ती व्यापाऱ्याकडे ढुंकूनही बघणार नाही, असा शिष्याने चंग बांधला. तो दुधात भाकरी कुस्करून नेई, तिच्या पाठीवरून हात फिरवी, पंजा हातात घेई. हळूहळू ती 'ये' म्हटले की येऊ लागली, 'बस' म्हटले की बसू लागली. कुणीही हात लावला तरी हूं की चूं करीत नसे. येणारेजाणारे म्हणत, "किती गुणी!" आणि छाती फुगे ती शिष्याची.

वैद्यांची तऱ्हाच निराळी. ते हात पुढे करीत आणि तिने मान जराशी फिरवली की तत्काळ मागे घेत. "बरं बाई, नको तर नको," म्हणत आणि आपल्या कामाला लागत.

शेवटी शिष्याला राहवेना. "गुरुजी, अशानं ती माणसाळणार कधी? दिवाळी तोंडावर आली."

"तू तिला माणसाळवत नाहीस, बाळा. त्या व्यापाऱ्यासाठी तयार करतो आहेस."

हे त्याच्या वर्मी लागले. इतके करून वर हे ऐकायचे! तो रागाने अधिकच नेटाने शिकवू लागला.

एके सकाळी कुत्री खात असताना, आलेल्या चार माणसांना कौतुक दाखवावे म्हणून त्याने तिचा पंजा धरला. तिने मान वर केली, दात दाखवले आणि ती गुरगुरली. चारचौघांत शिष्याचा चेहरा पडला. सारी मेहनत पाण्यात गेली असे वाटून त्याने काठी उचलली.

"खाली ठेव ती!" वैद्य कडाडले. मग आत जाऊन त्यांनी साखरेचा डबा आणला आणि अंगणातल्या प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली.

"कशाची हो साखर?" शेजारच्या काकूंनी विचारले.

"आमची कुत्री गुरगुरली."

लोक हसत निघून गेले. शिष्य तेवढा तळहातावरची साखर तशीच धरून उभा राहिला. वैद्य त्याच्याजवळ बसले.

"तू हात लावलास की तिचा श्वास थांबायचा, ते कधी पाहिलंस? ती शांत नव्हती रे, गोठलेली होती. डोळ्यांदेखत पिलं उचलून नेली तरी ती गप्प राहिली, कारण 'नाही' म्हटल्यावर कुणी थांबतं, हे तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. जो कुणाच्याही हाताखाली मान घालतो, तो त्या व्यापाऱ्याच्याही हाताखाली घालणारच. आज तिनं पहिल्यांदा नकार दिला, आणि तुला दिला. हा मारणार नाही एवढा भरवसा वाटला म्हणून दिला. आणि तू काठी उचललीस!"

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या दिवसापासून तिने तोंड फिरवले की तोही थांबू लागला.

दिवाळी सरली आणि व्यापारी दोरी घेऊन हजर झाला. गाव जमा झाले. त्याला पाहताच कुत्री लटलट कापू लागली. त्याने फास पुढे केला. तिची मान खाली जाऊ लागली. फास कानाला लागला मात्र, ती मागे सरली आणि सारे दात विचकून गुरगुरली. कापत होती, तरी गुरगुरत होती. व्यापाऱ्याचा हात आपोआप मागे आला. संतापून त्याने दोरीचा तडाखा द्यायला हात उगारला, तोच शिष्य मध्ये येऊन उभा राहिला.

"शेटजी, ती नाही म्हणाली."

"बिघडवलीत तुम्ही हिला!"

"हो," शिष्य म्हणाला. "चांगली बिघडवली. आणखी बिघडवणार आहोत."

गावासमोर दिलेला शब्द व्यापाऱ्याला गिळता येईना. तो हात हलवीत परत गेला. आनंदाने शिष्याचे हात तिला कवटाळायला पुढे झाले. तिने मान फिरवली. तो हसला आणि दोन पावले दूर जाऊन बसला.

आपल्या घरात, कचेरीत, वर्गात ज्यांना आपण मोठ्या कौतुकाने 'गुणी' म्हणतो, त्यांचा श्वास एकदा पाहून घ्यावा.