लाल दिव्याचा उजेड

फोटो अजून पाण्यातून जन्माला यायचे, तेव्हाची गोष्ट. एका स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत एक लाल दिवा राहायचा. दाराबाहेरची ट्यूबलाइट त्याला रोज हिणवायची, "तुझ्या उजेडात सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही रे!" दिवा बिचारा खजील व्हायचा.

एके दुपारी स्टुडिओत काम शिकणारी रेवती पहिल्यांदाच स्वतः फोटो छापायला बसली. डब्यात कागद एकच उरला होता. ज्याचा एक स्क्रूही कधी ढिला झाला नव्हता, अशा म्हाताऱ्या लोखंडी एनलार्जरने, म्हणजे फोटो मोठा करणाऱ्या यंत्राने, निगेटिव्हमधून त्यावर क्षणभर उजेड टाकला आणि तिने कागद ट्रेमधल्या औषधाच्या पाण्यात सोडला. कागद कोराच! "या दिव्यात दिसतंय काय कप्पाळ!" म्हणत ती दाराची कडी काढायला उठली.

"थांब पोरी!" एनलार्जर गरजला. "आता या कागदाला फक्त लाल उजेड सोसतो. बाहेरचा उजेड आत आला, तर कागद काळाठिक्कर पडेल. तू नुसता ट्रे हलवत राहा."

रेवती ट्रे हलवू लागली. दिवा जीव मुठीत धरून बघत होता. पांढऱ्या कागदावर आधी कुंकू उमटलं, मग डोळे, मग सुरकुत्यांमधलं हसू. रेवतीची गेलेली आत्या पाण्याखालून वर बघत होती. दिव्याला स्वतःचंही भान राहिलं नाही.

पक्का झालेला फोटो बाहेर आला, तशी ट्यूबलाइट थक्क झाली. "कुठून आली गं ही? पुढच्या वेळी मलाही आत घ्या ना, मला बघायचंय!"

लाल दिव्याला पहिल्यांदाच तिची कीव आली.