उकिरड्यातली आई

कोळंबखारच्या खाडीकाठी देवीचा चौथरा आहे आणि चौथऱ्याला लागूनच उकिरडा. नाकं मुरडू नका, पाहुणे. हा उकिरडा हलवायचा नाही, असा गावाचा दंडक आहे.

यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, मुलखातली गलबतं इथं लागत, तेव्हाची गोष्ट सांगतात. चिमाई कुंभारीण बाळंतपणाच्या नवसाला मातीच्या आया, म्हणजे देवीच्या मूर्ती, घडवायची. हात सोन्याचा, पण सोवळं असं की मूर्तीवर माशी बसली तरी मोडून पुन्हा मळायची! नवरा समुद्रात बुडालेली एक यवनीण गावातच राहिली होती. तिनं आपल्याकडची वीतभर मातीची देवी चौथऱ्यावर आणून ठेवली आणि तिकडच्या रीतीनं तिला रोज माशाचं तेल चोळू लागली. उन्हानं तेलाला घाण सुटायची, माश्या घोंघावायच्या. शी! देवाला कुणी असलं माखतं? आपण घडवलेल्या आईशेजारी ते ओंगळ ध्यान चिमाईला बघवेना. एका पहाटे तिनं काठीनं ती मूर्ती उकिरड्यात लोटली, वर राख ओतली आणि खाडीवर जाऊन न्हाली. कुणाला बोलली नाही.

पुढं तिची लेक सगुणी बाळंतपणाला माहेरी आली नि अडली. चिमाईनं आपल्या हातच्या साऱ्या आया तिच्या उशाशी मांडल्या. सुईणीनं हात टेकले. तेव्हा सगुणी कण्हत म्हणाली, "आई, माझा नवस तुझ्या देवीला नाही गं. मागं आले होते तेव्हा त्या तेलाच्या देवीला बोललेय. ती दे मला."

जागा ठाऊक एकट्या चिमाईला. काठीनं उकरावं, तर मातीची मूर्ती फुटायची. हे कुंभारणीला कुणी सांगायला नको. कुजकं शेण, माशांची आतडी, वळवळते किडे. तिनं कोपरापर्यंत हात खुपसले, भडाभडा ओकली, पुन्हा खुपसले, म्हणे. मूर्ती लागली तशी, न धुता, लेकीच्या मुठीत दिली. पोर सुटली. मुलगी झाली.

सुईणीनं नात पुढं केली, तर चिमाई बरबटलेले हात पाठीमागं लपवू लागली. बातमी ऐकून आलेल्या यवनिणीनं ते धरून पुढं ओढले. म्हणाली, "देवीला चालले हे हात. बाळालाही चालतील."

ती देवी पुन्हा चौथऱ्यावर आली. आता दोन्ही आया तिथं झिजून सारख्या झाल्यात. आपली कुठली, परकी कुठली, हे विचारणाऱ्याशी इथल्या बाया धड बोलत नाहीत. आजही लेकीचे दिवस भरत आले की मातीची आई उकिरड्यात पुरतात आणि उघड्या हातांनी बाहेर काढतात. नाकाला पदर लावायचा नाही. आणि हात लागतो तो लेकीच्या आईचाच. दुसऱ्या कुणाचा चालत नाही.