थंड हवेचा माज

फार वर्षं झाली, एका उंच डोंगरावर एक गाव होतं. हवा एवढी गार, की ऐन उन्हाळ्यातही तिथली माणसं घोंगडी पांघरून झोपायची. डोंगराखाली नदीकाठी दुसरं गाव होतं. तिथे दरवर्षी पाऊस उघडला की हिवतापाची साथ यायची. वरची माणसं ते ऐकून हसायची. म्हणायची, "खालच्यांच्या अंगात दमच नाही. आमच्या हवेत डास टिकतो का?"

वरच्या गावच्या रंगराव पाटलांची थोरली बहीण भागीरथी खालच्या गावी दिली होती. हिवतापानं तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. आली तेव्हा गाव बदललेलं होतं. डोंगरावरची झाडं तुटली होती, थंडी पहिल्यासारखी राहिली नव्हती. पाटलांनी चावडीसमोर मोठं तळं बांधायला काढलं होतं. त्यासाठी दगड फोडले, त्याचे खड्डे गावाभोवती तसेच उघडे पडले होते. पावसात तळंही भरलं आणि खड्डेही.

पाऊस ओसरल्यावर एकदा भागीरथी खड्ड्याच्या कडेला वाकली आणि पाणी निरखून पाहू लागली. पाण्यावर काडीसारखे बारीक किडे आडवे पडले होते. बोट लावताच वळवळत खाली गेले. ती तडक भावाकडे आली.

"रंगा, खड्डे बुजव. तळ्याचं पाणी वाहतं कर, नाहीतर त्यात मासे सोड. डासांची पिल्लं झालीत."

पाटील हसले. "आक्का, पाणी बघितलंस का? तळ दिसतो. डास घाणीत होतात."

"हिवतापाचा डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. खालच्या गावच्या डॉक्टरांनी दाखवलंय मला. कोरड्या मुलखात कालवा आला की मागोमाग हा ताप येतो. समुद्राकाठी विहिरी आणि टाक्यांमुळे तो बाराही महिने असतो. खाली आमच्याकडे पाऊस उघडला की येतो. पाणी साचलं आणि हवा उबदार झाली, की त्याला आणखी काही लागत नाही."

"आपली हवा थंड आहे."

"होती!" भागीरथी म्हणाली.

चावडीवरची माणसं हसली. भागीरथीचे कान तापले, पण तिचं कोण ऐकणार?

तळ्याच्या पायऱ्या घडवायला खालच्या गावचा एक पाथरवट बायकोसह आला होता. कामावर असतानाच त्याला हुडहुडी भरली. मग अंग भाजू लागलं, मग दरदरून घाम. दिवसाआड तेच. कोणी औषध आणलं नाही, की भागीरथीला कळवलं नाही. संध्याकाळी त्याच्या झोपडीत डास घोंगावत, त्याला चावत आणि उडून जात. काही आठवड्यांतच शेजारच्या घरांतून कण्हणं ऐकू येऊ लागलं.

आता मात्र गाव चवताळलं. "या पाथरवटानं ताप आणला. हाकला त्याला!"

भागीरथी झोपडीच्या दारात आडवी उभी राहिली. "ताप माणसाच्या श्वासातून येत नाही. डास याला चावतो, याच्या अंगातलं विष घेतो आणि तुम्हाला देतो. डास तुमच्या खड्ड्यांतले आहेत! याला औषध द्या, मच्छरदाणीत निजवा."

"आक्का, बाजूला हो," पाटील म्हणाले. "मला गाव सांभाळायचंय."

त्यांनी तिला बाजूला केलं. फणफणलेला माणूस बायकोच्या खांद्यावर भार टाकून घाट उतरू लागला. अर्ध्या वाटेवरच त्यानं प्राण सोडला.

ताप मात्र गावातच राहिला. दारामागून दार धरत तो पाटलांच्या वाड्यात शिरला आणि पाटील स्वतःच चार गोधड्यांखाली थडथडू लागले.

"आता कोणाला हाकलायचं, रंगा?" भागीरथीनं विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात विस्तव. उत्तर न ऐकता ती औषधासाठी घाट उतरली.

दवाखान्याच्या ओट्यावर पाथरवटाची बायको बसली होती. भागीरथीच्या हातातल्या पुड्या तिनं पाहिल्या.

"पाटलांना का?"

भागीरथीनं मानेनंच हो म्हटलं.

"द्या, द्या. वाचतील. वेळेवर औषध मिळालं की माणूस वाचतो. माझाही वाचला असता."

पाटील वाचले. गावातही पुड्या वाटल्या गेल्या. मग थंडी पडली, डास कमी झाले, ताप उतरला. चावडीवर पुन्हा छात्या फुगल्या. "बघा, शेवटी आपल्याच हवेनं ताप पळवला! पाटील, राहिलेल्या पायऱ्या घालून घ्या."

भागीरथी भर चावडीत आली.

"हवेनं? थंडीत डास दबून बसलाय. ऊब आली की उठेल. तेव्हा पुन्हा एखादा गरीब शोधाल ना घाटात लोटायला?" मग पाथरवटाची बायको जे बोलली होती, ते तिनं शब्द न् शब्द सांगितलं.

पाटील उठले, कुदळ घेतली आणि स्वतःच्या हौसेच्या तळ्याचा बांध फोडायला लागले. काही जण पाठोपाठ गेले. काही तोंड फिरवून घरी गेले. पण हिवाळा सरायच्या आत खड्डे बुजले, टाक्यांना झाकणं बसली, विहिरीत मासे सोडले.

पुढच्या वर्षी पाऊस उघडल्यावर एखाद-दुसराच आजारी पडला. त्याला कोणी हाकललं नाही. औषध दिलं, मच्छरदाणी दिली.

पाटील एकदा पाथरवटाच्या बायकोची माफी मागायला खाली गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. घरी येऊन त्यांनी बहिणीला ते सांगितलं.

"बरोबर केलं तिनं," भागीरथी म्हणाली आणि पुन्हा जात्याला हात घातला.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: आजाऱ्याला हाकलून आजार जात नाही. तो आपल्याच दारातल्या साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि ते पाणी ताप यायच्या आधी, थंडीतच हटवावं लागतं.